छपराचं पाकीट

आमच्या दाराच्या मुठीला दर तीन आठवड्यांनी एक पाटी येऊन लटकते. तळहाताएवढी, लाकडी, तिच्यावर केरसुणी घेतलेली बाई रंगवलेली आणि खाली एकच शब्द : केअरवोखे. म्हणजे हा आठवडा जिना, तळघराची वाट आणि दारापुढचा फुटपाथ झाडायची पाळी तुमची. श्टुटगार्ट आणि भोवतालच्या श्वाबेन मुलखात ही चाल पंधराव्या शतकापासून आहे म्हणतात. श्टुटगार्टच्या महापालिकेनं तिची सक्ती १९८८ साली काढून टाकली, पण म्हणून झाडायचं कुणी थांबवलं नाही. आमचं घर तीन मजली, बिऱ्हाडं तीन. तळमजल्यावर चौऱ्याऐंशी वर्षांच्या घरमालकीण आजीबाई, मधे एक शिक्षक जोडपं, वर आम्ही.

पाटी लावायला आजीबाई स्वतः दोन जिने चढून येतात. बारा वर्षं झाली, अजून आम्ही एकमेकींना अहो-जाहोच करतो. मला त्याचं काही वाटत नाही. माझ्या आईनं तिच्या थोरल्या जावेला चाळीस वर्षं अहोच म्हटलं आणि भांडलीही अहो म्हणूनच.

आजीबाई पावाच्या कागदी पिशव्यांच्या घड्या घालून ठेवतात, पन्हळीचं पाणी पिंपात साठवून बागेला घालतात, आणि स्वयंपाकघराच्या खणात त्यांची एक वही असते. त्या वहीबद्दल मला पहिल्यापासून कुतूहल, कारण मी हिशेबनीस आहे. पुण्यात आर्टिकलशिप केली, इथे गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत यंत्रं आणि इमारती यांचे हिशेब बघते. दिवसभर माझ्यासमोर एकच शब्द असतो : घसारा. आज घेतलेलं यंत्र दहा वर्षांनी भंगारात जाणार, तर त्याची झीज दर वर्षी खर्चात धरायची. पैसा खिशातून जात नाही, तरी खर्च होतो. नवीन पोरांना हे समजावताना जीव जातो.

आता या आजीबाईंचं युरोपच्या राजकारणाशी काय नातं, ते सांगते.

डिसेंबर २००८. लेहमन ही अमेरिकन बँक बुडून अडीच महिने झाले होते. ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचं अधिवेशन आमच्या श्टुटगार्टातच भरलं होतं. तिथे तेव्हाच्या चॅन्सलर अंगेला मेर्केल म्हणाल्या की, एखाद्या श्वाबियन गृहिणीला विचारलं असतं तरी पुरलं असतं; तिनं सांगितलं असतं, ऐपतीबाहेर कायमचं जगता येत नाही. टाळ्या पडल्या. मेर्केलबाई स्वतः वाढल्या पूर्व जर्मनीत, पण वाक्य जमलं. पुढच्याच वर्षी ती गृहिणी राज्यघटनेत जाऊन बसली. तेजी-मंदीचा परिणाम वगळून केंद्र सरकारनं वर्षाला जीडीपीच्या फार तर ०.३५ टक्के नवं कर्ज काढावं, राज्यांनी तर मुळीच काढू नये, असं कलम २००९ मध्ये घातलं गेलं. लोक त्याला कर्जाचा ब्रेक म्हणतात.

अंथरूण पाहून पाय पसरावे, ऋण काढून सण करू नये, हे ऐकत वाढलेल्या मला यात खटकण्यासारखं काही नव्हतं. आल्या आल्या मला हा देश फार आवडला तो यासाठीच. इथल्या कोपऱ्यावरच्या बेकरीत अजून रोख पैसेच घेतात. कर्जाला जर्मनमध्ये शब्द आहे शुल्ड, आणि अपराधालाही तोच शब्द. भाषेच्या वर्गात हे कळलं तेव्हा मी मनात आपला शब्द ठेवून पाहिला : ऋण. आपण पितृऋण, ऋषिऋण, देवऋण घेऊनच जन्माला येतो. पुस्तकाच्या सुरुवातीला ऋणनिर्देश करतो, आभाराच्या भाषणात 'आपल्या ऋणातच राहू इच्छितो' म्हणतो आणि वर हसतो. जर्मन माणसापुढे हे वाक्य शब्दशः बोलून पाहिलं तर तो वकील गाठेल.

जर्मनांच्या या भीतीचं कारण विचारलं की सगळे १९२३ सांगतात. एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क. पण नाझींना मतं भरभरून मिळाली ती नंतर, १९३२ मध्ये. तेव्हा महागाई नव्हती, उलट सरकारनं खर्च छाटत नेला होता आणि साठ लाख लोक बेकार होते. घरोघरी आठवण राहिली ती नोटांच्या गठ्ठ्यांची. नोटांचे फोटो काढता येतात, न झालेल्या खर्चाचा फोटो कसा काढणार?

तर तो ब्रेक लागला आणि २०१४ साली अर्थमंत्री वोल्फगांग शॉयब्ले यांनी १९६९ नंतरचा पहिला विनातूट अर्थसंकल्प पार पाडला. त्याला नाव पडलं काळं शून्य. २०१७ मध्ये ते खातं सोडून निघाले तेव्हा अर्थमंत्रालयाच्या अंगणात कर्मचारी काळे कपडे घालून शून्याच्या आकारात उभे राहिले होते. वरून काढलेला तो फोटो मी माझ्या टेबलाजवळ लावला होता, गंमत म्हणून आणि थोडा कौतुकानंही. हिशेब जुळल्याचा आनंद मला समजतो.

टेबलाजवळचा तो फोटो कधी काढून टाकला ते मात्र नक्की आठवतं.

११ सप्टेंबर २०२४. पहाटे तीनच्या सुमाराला ड्रेस्डेनमधला कारोला पूल एल्बे नदीत पडला. पूल म्हणजे शेजारी शेजारी तीन पट्ट्या. त्यातल्या ट्रामच्या पट्टीचा सुमारे शंभर मीटरचा भाग. शेवटची ट्राम काही मिनिटांपूर्वीच गेली होती. कुणाला ओरखडाही आला नाही. सकाळी ऑफिसात सगळे फोनवर तेच चित्र पाहत होते : सरळ रेघेसारखा रस्ता मधे मोडून पाण्यात टेकलेला, ट्रामचे रूळ दोरीसारखे वाकलेले. तीनपैकी दोन पट्ट्यांची दुरुस्ती उरकली होती. तिसरीची पाळी २०२५ मध्ये होती.

इथे मला स्वतःलाच अडवायला हवं. हा पूल काटकसरीनं पडला असं म्हणणं सोपं आहे, पण तज्ज्ञांनी दोष काढला तो पोलादात. १९७१ मध्ये पुरा झालेल्या या पुलाच्या ताणलेल्या तारांना बांधकामाच्या वेळीच आत शिरलेल्या ओलीनं चिरा पाडल्या होत्या, त्या पन्नास वर्षं वाढत गेल्या. त्यापेक्षा ल्युडेनशाइडची गोष्ट जास्त बोलकी आहे. तिथला राहमेडे दरीवरचा, १९६८ चा, साडेचारशे मीटरचा पूल म्हणजे ए-४५ या हमरस्त्याचा कणाच. डिसेंबर २०२१ मध्ये तो वाकल्याचं लक्षात आलं आणि एका दिवसात बंद झाला. मे २०२३ मध्ये सुरुंग लावून पाडला. मधल्या काळात आणि पुढेही डॉर्टमुंड-फ्रँकफर्टचे ट्रक त्या लहानशा गावातून, लोकांच्या खिडक्यांखालून जात राहिले. २०२२ मध्ये वाहतूक मंत्रालयानंच सांगितलं की ऑटोबानवरचे असे ४००० पूल दहा वर्षांत नवे किंवा मजबूत करावे लागतील. शाळा, रस्ते, पोहण्याचे तलाव असं गावोगावच्या पालिकांचं राहून गेलेलं काम सरकारी विकास बँकेच्या २०२५ च्या पाहणीत २१६ अब्ज यूरोंच्या घरात गेलं. लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ मध्ये वेळेवर पोचल्या ६२.५ टक्के, आणि इथे सहा मिनिटांच्या आतला उशीर वेळेवरच धरतात.

मग मी धंद्यातल्या सवयीनं केंद्र सरकारचा हिशेब काढून बसले, घसारा शोधायला. नव्हता. जर्मनीचं केंद्र सरकार अजून जुन्या दरबारी पद्धतीनं हिशेब ठेवतं, कामेरालिस्टिक म्हणतात तिला : यंदा किती आले, किती गेले, बस. पूल झिजला तर वहीत काही घडत नाही. पूल दुरुस्त केला तर मात्र खर्च दिसतो. अशा वहीत न केलेली दुरुस्ती ही निव्वळ बचत दिसते. आमच्या कंपनीनं असा ताळेबंद मांडला असता तर ऑडिटरनं सही करायच्या आधी दार लावून घेतलं असतं. काळं शून्य खोटं नव्हतं, पण ते पूल, रूळ आणि शाळांची छपरं बाहेर ठेवून काढलेलं शून्य होतं. त्या दिवशी फोटो उतरवला.

ग्रीसचं मात्र अजून मनाला लागतं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक ग्रीक खानावळ आहे. जुलै २०१५ मध्ये अथेन्समध्ये एटीएममधून दिवसाला ६० यूरोंच्या वर निघत नव्हते, सार्वमतात ६१ टक्के लोकांनी धनकोंच्या अटींना नाही म्हटलं, आणि आठवडाभरात त्यांच्या सरकारला त्याहून कडक अटी मान्य कराव्या लागल्या. खानावळवाला तेव्हा टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघायचा. जर्मन गिऱ्हाइकं बिल देताना विनोद करायची. मीही तेव्हा मनातून शॉयब्लेंच्याच बाजूची होते, हे कबूल करते. घेतलं तर फेडायला नको का? १९५३ चा लंडन करार मला पुढे कधीतरी वाचनात सापडला. पश्चिम जर्मनीचं जुनं कर्ज तेव्हा जवळजवळ निम्मं माफ झालं, आणि सही करणाऱ्या धनको देशांमध्ये ग्रीसही होता. तुकोबांनी धाकट्या भावाच्या वाटणीची खतपत्रं त्याला दिली आणि आपल्या वाटणीची निम्मी इंद्रायणीत सोडली म्हणतात, ते मला तिथे आठवलं. इंद्रायणीत खतं सोडताना कुणी शेजाऱ्याला श्वाबियन गृहिणीचा दाखला दिला नसावा. गंमत म्हणजे २०२४ मध्ये ग्रीसच्या सरकारी हिशेबात शिल्लक होती आणि जर्मनीच्या हिशेबात तूट. खानावळवाल्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, शिल्लक आहे खरी, पण माझा भाचा परत कुठे गेलाय? भाचा इथेच त्याच्या स्वयंपाकघरात होता.

आता राजकारण.

नोव्हेंबर २०२३ मध्ये घटना न्यायालयानं सरकारचा एक डाव उधळला. करोनासाठी मंजूर झालेलं पण न वापरलेलं ६० अब्जांचं कर्ज हवामान निधीत वळवलं होतं, ते रद्द. त्या भोकातून तीन पक्षांचं सरकार गळत गेलं आणि ६ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री, ट्रम्प निवडून आल्याची बातमी ताजी असताना, चॅन्सलर शोल्झ यांनी अर्थमंत्री लिंडनर यांना घरी पाठवलं. भांडण पुन्हा त्याच ब्रेकचं. प्रचारात ख्रिश्चन डेमोक्रॅटांचे नेते फ्रीडरिश मेर्झ सांगत होते की ब्रेकला हात लावायचा नाही. मतदान झालं २३ फेब्रुवारी २०२५ ला. ४ मार्चला, म्हणजे नवव्या दिवशी, त्यांनीच जाहीर केलं : संरक्षणाचा जीडीपीच्या एक टक्क्यावरचा खर्च ब्रेकमधून मोकळा, आणि रस्ते-पूल-रेल्वेसाठी ५०० अब्जांचा वेगळा कर्जनिधी. मधल्या काळात व्हाइट हाउसमध्ये युक्रेनच्या झेलेन्स्कींना कॅमेऱ्यासमोर फैलावर घेतलं गेलं होतं, हे कारण खरं आहे. पण पूल काही त्या नऊ दिवसांत गंजले नव्हते.

त्यातही घाई अशी की नव्या संसदेत दोन-तृतीयांश जमणार नाही म्हणून मुदत संपत आलेल्या जुन्या संसदेला बोलावून १८ मार्चला घटनादुरुस्ती करून घेतली. बाजूनं ५१३, विरोधात २०७. कायदेशीर होतं. आमच्याकडे सरपंचानं निवडणूक हरलेल्या सदस्यांना घेऊन ठराव केला असता तर गावात काय म्हणाले असते, ते मला चांगलं माहीत आहे. मे महिन्यात चॅन्सलरपदाच्या पहिल्या फेरीत मेर्झ यांना सहा मतं कमी पडली. युद्धानंतर असं पहिल्यांदाच घडलं. दुसऱ्या फेरीत निभावलं. दरम्यान एएफडी ही कडवी उजवी पार्टी २०.८ टक्के मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसली आहे. तिच्या सभांत पुलांचं आणि बंद पडलेल्या तलावांचं दुःख खरं असतं. त्याला जबाबदार म्हणून बोट मात्र माझ्यासारख्यांकडे असतं. मला मत नाही, माझा पासपोर्ट अजून निळा आहे. कर मात्र जर्मनांइतकाच कापला जातो.

त्या मार्चमध्ये एका रविवारी पाटी परत करायला खाली गेले तर आजीबाई वही उघडूनच बसल्या होत्या. पाचशे अब्जावर किती शून्यं, ते त्यांना लिहून हवं होतं. मी लिहून दिली, अकरा. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मी धीर करून विचारलं, तुमची वही बघू का?

चौकोनी कागद, पेन्सिलीचं अक्षर. पाव, वीज, डॉक्टर, चर्चची पेटी. आणि दर महिन्याच्या शेवटी एक ओळ : छप्पर, ८० यूरो. त्याआधीच्या वह्यांमध्ये मार्कांत तीच ओळ. बॉयलर, वेगळी ओळ. पैसे पाकिटात, पाकीट भरलं की बँकेत. १९७४ पासून.

म्हणजे घसारा होता तर! देशातल्या ज्या बाईचा दाखला देऊन घसारा नसलेली वही घटनेत घातली, त्या बाईच्या वहीत तो पेन्सिलीनं दर महिन्याला लिहिलेला होता. फक्त तिला कुणी वही मागितली नव्हती.

आणि कर्ज? मी विचारलं, तुम्ही कधी कर्ज काढलं नाहीत ना? त्या थोड्या रागावल्याच. घर काय आकाशातून पडलं? बाउश्पारचा करार होता. ही बाउश्पारची रीत याच मुलखातली; १९२० च्या दशकात हाइलब्रोनजवळच्या व्युस्टेनरोट गावी ती रुजली. बरेच जण मिळून दरमहा पैसे टाकतात, ठरावीक बचत झाली की पाळीनं घरासाठी स्वस्त कर्ज मिळतं. मी म्हटलं, ही तर आमची भिशी, फक्त व्याज आणि शिक्का लावलेली. आजीबाईंचा नवरा ढलाईच्या कारखान्यात होता. दोघांनी एकवीस वर्षं हप्ते भरले. मग ते शुल्डच होतं की, मी म्हटलं. "छे," त्या म्हणाल्या, "ते घर होतं."

हे वाक्य मी आधी मराठीत ऐकलेलं आहे. आमचं गाव बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यात, सुप्याकडे. १८७५ च्या मे महिन्यात याच सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या नि खतं जाळली होती. आजीनं ते पाहिलं नव्हतं, पण वही या शब्दाला ती दचकायची. बाबांनी विहिरीसाठी सोसायटीचं कर्ज काढायचं ठरवलं तेव्हा तिनं दोन दिवस तोंडात अन्न घेतलं नाही. सात-बाऱ्यावर इतर अधिकाराच्या रकान्यात बोजा चढला, तो तिनं तलाठ्याकडे जाऊन बोटानं चाचपून पाहिला. वाचता येत नव्हतं. "ऋण काढून सण करतोस?" तिनं विचारलं. बाबा म्हणाले, "आई, सण न्हाय, हीर हाय." पन्नास फुटांवर पाणी लागलं. एका दुष्काळात हप्ते थकले, घरात महिनाभर कुणी मोठ्यानं बोललं नाही, मग फिटले. माझ्या शाळेची फी त्या पाण्यावरच्या कांद्यानं भरली.

पण शेजारच्या मळ्यातही विहीरच खोदायची म्हणून कर्ज निघालं होतं. त्यातली मोटारसायकल पुढे बरीच वर्षं गावात फिरत होती.

म्हणून या पाचशे अब्जांकडे मी सारख्या ओळी मोजत बघते. टीकाकार त्याला मालगाड्यांचं यार्ड म्हणतात : जे खर्च नेहमीच्या अर्थसंकल्पातून होत होते ते रुळ बदलून या निधीत ढकलायचे, आणि तिकडे मोकळ्या झालेल्या जागेत मतदारांना खूश करणाऱ्या सवलती भरायच्या. यंत्रांच्या खात्यात मी हे पाहिलेलं आहे. डागडुजी भांडवली खर्चात टाकली की नफा कसा गोंडस दिसतो. आणि कामेरालिस्टिक तर बदललेली नाहीच. नवा पूलही पहिल्या दिवसापासून झिजायला लागेल, त्याची ओळ अजून कुठल्याच वहीत नाही. तरीही विचारलंत तर मी म्हणेन, कर्ज काढा.

या वसंतात घराला परांची लागली. छपराची कौलं घालणारे कारागीर आले, दोन आठवडे ठोकाठोक. आजीबाई खुर्ची टाकून अंगणात बसायच्या आणि खाली येणारं प्रत्येक जुनं कौल उलटंपालटं करून बघायच्या. धड निघालं तर ते बाजूला, भिंतीशी, ओळीनं. पाकिटातले पैसे पुरले नाहीत, महागाईनं तो हिशेब चुकवला. उरलेल्यासाठी त्या बँकेत गेल्या. चौऱ्याऐंशीच्या वयात कर्ज मिळेना, म्हणून शेवटी मुलीच्या नावावर काढलं.

काम संपलं त्या संध्याकाळी त्या वर आल्या, धापा टाकत. हातात पाटी. परांचीमुळे अंगणात कौलांचा चुरा पडलाय, म्हणाल्या, या आठवड्यात जरा जास्त झाडावं लागेल तुम्हाला.